वासे बाहेरच्या बाजूला

कुंपणाच्या मधल्या वाशावर मातीचा एक वाळलेला ठसा होता. बंद्या रुपयापेक्षा जेमतेम मोठा, वरच्या कडेला पाच बारीक टिंबं, टाचेचा पत्ता नाही. इंदू धुतलेली चादर खांद्यावर घेऊन दोरीकडे निघाली होती, ती तिथेच थांबली. चादरीचं पाणी पोलक्यातून पाठीवर झिरपत राहिलं. तिनं वाकून पाहिलं. खालच्या वाशावर असाच आणखी एक ठसा होता, पुसटसा. सगळ्यात वरच्या वाशावर काही नव्हतं. म्हणजे खालच्यावरून मधल्यावर, आणि मधल्यावरून पुन्हा खाली. निदान या खेपेला. माती काळसर होती, पेरूच्या आळ्यातली. तिथे काल संध्याकाळी बागकाम करणाऱ्या कोंडीरामनं पाणी सोडलं होतं, तेव्हा हे त्यानंतरचं. कॉलेजात निरीक्षण एका रकान्यात आणि अनुमान दुसऱ्या रकान्यात लिहायची सवय लागली होती, ती लग्नानंतरही सुटली नव्हती. निरीक्षण झालं होतं. दुसरा रकाना भरायला तिचा हात उचलेना. तिनं ठशावर अंगठा ठेवला. माती भुसभुशीत होऊन पडली आणि मग तिच्या लक्षात आलं, की नवऱ्याला, हिंदुरावांना, दाखवायला आता काही उरलं नाही.

"बाईसायेब, चादर वाळत घालताय का वाशाला पांघरताय?" मागच्या पायरीवरून रतनबाईनं विचारलं. कोंडीरामची ही बायको घरात धुणीभांडी करायची. तिच्या पुढ्यात छबी बसली होती, दोन्ही गालांत भात कोंबून. इंदूची अडीच वर्षांची मुलगी, पाय पुढे पसरलेले. तळवे धुतलेले, स्वच्छ.

"छबी कुंपणाकडे गेली होती का गं?"

"रोजच जाती की. जाळीतनं बेडकं बघती. तिथनं पल्याड काय जाती? आमच्या धन्यानं कुंपन घातलंय. घराचं छप्पर चार वर्सं गळतंय, पर सायबाच्या कुंपनाला हात लावायचं काम न्हाई."

पेरूखाली खुरपणारा कोंडीराम मान वर न करता म्हणाला, "छप्पर सासऱ्यानं घातलंय. त्याला इचार."

इंदू हसली, किंवा चेहऱ्यानं हसण्याची हालचाल केली. चादर दोरीवर टाकून तिनं चिमटे लावले. चादरीपलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे हौद. चैत्राच्या उन्हात पाणी निळंही नव्हतं, हिरवंही नव्हतं. तळाच्या घोटलेल्या सिमेंटचाच रंग त्यातून वर आला होता.

हा पोहण्याचा हौद या घराबरोबर आला होता. पिंपरीच्या शिवारात कारखाना उभा राहिला तेव्हा यंत्रं बसवायला जो परदेशी इंजिनिअर आला होता, त्यानं कंपनीकडून तो बांधून घेतला. एका टोकाला गुडघाभर, दुसऱ्या टोकाला हिंदुरावांसारख्या उंच माणसाच्याही डोक्यावरून जाईल एवढा. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हौदाभोवती काहीच नव्हतं. चार बाजूंना फरशी आणि एक लाकडी बाक. तो गेल्यावर बंगला हिंदुरावांना मिळाला. पंचगंगेच्या काठी वाढलेला माणूस, ज्वारीच्या धसकटांनी भरलेल्या या माळावर येऊन पडलेला. हौद पाहून पहिल्याच दिवशी त्यांनी कपड्यांसकट सूर मारला होता. इंदू तेव्हा पोटुशी होती. काठावर उभी राहून तिनं त्यांचं डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत श्वास धरला होता, आणि तो धरल्याचं तिला नंतर समजलं. मग रविवारी कारखान्यातली वरची मंडळी यायला लागली. उद्धवराव मॅनेजर, त्यांची बायको, कधी मुंबईचे पाहुणे. टॉवेल, कांदाभजी, चहा. हिंदुरावांना बढती मिळायची ती या हौदावर, असं उद्धवरावच गमतीनं म्हणत, आणि त्या गमतीत किती गंमत आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

छबी भिंतीला धरून चालायला लागली तेव्हा इंदू पहिल्यांदा म्हणाली होती, की पाणी काढून टाकू या. तशी ठामपणे नाही. ताट वाढता वाढता म्हणाली. हिंदुराव म्हणाले, "पाण्याला भिऊन पाणीच काढून टाकायचं? तुला काय तुझ्या वडिलांनी विहिरीपासून लांब ठेवलं होतं? पाठीला भोपळा बांधला आणि दिली ढकलून. हिलाही तसंच शिकवू." "ती एक वर्षाची आहे," इंदू म्हणाली. "मग तोवर कुंपण घालू." हे इतकं वाजवी होतं की पुढे बोलायला जागा राहिली नाही. कुंपणाचं काम कोंडीरामनं केलं. त्यानं बाभळीच्या मेढी रोवल्या, त्यांना तारेची जाळी लावली, म्हणजे फटीतून कुणी घुसायला नको. आणि जाळीवरून, बाहेरच्या अंगानं, तीन आडवे वासे ठोकले. खिळे इंदूनंच त्याच्या हातात दिले होते. वासे बाहेरून का, असं तिनं विचारलंही नाही, कारण तिच्या माहेरी गुरांच्या वाड्याला ते गुरांच्याच अंगाला असतात. गुरं ज्या बाजूनं रेटतात त्या बाजूला वासे, म्हणजे रेटा मेढीवर जातो आणि खिळे उपटत नाहीत. कोंडीरामनं शेवटचा खिळा ठोकून कुंपणाला पाठ लावून रेटून दाखवलं होतं. "रेडा आला तरी पल्याड जायचा न्हाई," तो म्हणाला होता, आणि ते खरं होतं. ते काम त्यानं मन लावून केलं होतं आणि ती मन लावून पाहत होती, आणि दोघांनाही एकदाही सुचलं नाही, की या कुंपणाला रेटणारं कुणी नाही. चढणारं आहे. रेड्याला वासा म्हणजे आडकाठी. अडीच वर्षांच्या मुलीला तीच शिडी.

दार मात्र हिंदुरावांनी स्वतः लक्ष घालून केलं. कडी मोठ्या माणसाच्या खांद्याशी, आणि बिजागऱ्यांना तेल घालायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद. दार उघडलं की ते अशा आवाजात कोकलायचं की स्वयंपाकघरातून रतनबाई "कोन हाय?" म्हणून ओरडायची. हिंदुरावांना त्या आवाजाचा अभिमान होता. पाहुण्यांना ते दार दोनदा उघडून दाखवत.

त्या सकाळी इंदूनं भाजी चिरली, डाळ शिजत घातली, आणि मनातल्या मनात कुंपण उकलून पुन्हा उभं केलं. वासे आतल्या अंगाला, जाळी बाहेर. त्याहून बरं म्हणजे उभ्या पट्ट्या, एकमेकींच्या इतक्या जवळ की मूल मधून जाणार नाही, आणि पाय ठेवायला कुठे काही नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, दोरीला वजन बांधून आपोआप मिटणारं, कारण उघडलेलं दार मिटायची आठवण माणसांना राहते, पण रोज राहत नाही. जवळपास बाक नको, उपडं घमेलं नको, पेरूची खाली आलेली फांदी नको. एकेक अट पडताळून पाहताना तिला बरं वाटत होतं. प्रयोगशाळेत उपकरण जुळवताना वाटायचं तसं. मग नेहमीप्रमाणे ती त्याच जागी अडली. हे सगळं उभं राहीपर्यंत काय? सुतार मिळायचा, लाकूड यायचं, पंधरवडा मोडणार. तोवर हौद भरलेला. हौद रिकामा करणं सोपं होतं. खोल टोकाला बूच होतं, ते काढलं की पाणी पाटानं थेट पेरूंना जायचं. पण विहिरीचं पाणी या महिन्यात इतकं खाली गेलं होतं की पंप निम्मा वेळ हवाच ओढायचा. एकदा सोडलेलं पाणी पाऊस पडल्याशिवाय पुन्हा भरता आलं नसतं. म्हणून हिवाळ्यात ती मनाशी म्हणाली होती, उन्हाळ्यात बघू. आणि उन्हाळा आल्यावर, पावसाळ्यात बघू. हिंदुरावांनी तिला कधी अडवलं नव्हतं. हे आज तिला पहिल्यांदा नीट दिसलं. त्या एका ताटावरच्या बोलण्यानंतर तिनं विषयच काढला नव्हता, आणि अडवल्यासारखी मात्र वागत आली होती.

कारण दुपारी ती पोहायची.

हे कुणालाच माहीत नव्हतं. पौषात एका दुपारी छबी झोपली होती, रतनबाई घरी जेवायला गेली होती, आणि इंदू कुंपणाशी उभी होती. कुंपण झाल्यामुळेच ती निर्धास्त होती. मूल आत झोपलेलं, मध्ये कुंपण, मग पाणी. ट्रंकेतलं जुनं नऊवारी तिनं काष्टा घालून नेसलं. तेराव्या वर्षी, ती मोठी झाल्यावर, आईनं सांगितलं होतं, "आता विहीर पुरे," आणि तिचं पोहण्याचं लुगडं फाडून गोधडीत शिवलं होतं. त्यानंतर ती पाण्यात उतरली नव्हती. विहिरीची तिला आठवण होती ती पडण्याची नाही. वडिलांचा हात सुटला, भोपळ्यानं पाठीला हिसका दिला, आणि त्या दोन्हींच्या मधे एक क्षण होता, हिरवा, ज्यात कुणाचाच आवाज येत नव्हता. काठावर भाऊ, चुलते, सगळे तोंडं हलवत होते. तो क्षण तिला हौदात पुन्हा सापडला. गार पाणी आधी पोटाला लागायचं, मग कानांत भरायचं, आणि बंगला, कारखान्याचा भोंगा, रविवारची भजी, सगळं पाण्याच्या वरच्या बाजूला राहायचं. ती फार वेळ पोहायची नाही. केस वर बांधून, एक फेरी, दोन फेऱ्या, आणि बाहेर. रतनबाई यायच्या आत लुगडं पिळून मोरीत. हिंदुराव रागावले नसते. कदाचित हसले असते, रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं असतं, आणि मग ते रविवारचं झालं असतं.

त्या शनिवारी दुपारी ती पोहायला गेली नाही. छबीला झोपवलं आणि तिच्याशेजारी डोळे मिटून पडून राहिली. थोड्या वेळानं चटईवर पावलं वाजली. इंदूनं डोळे उघडले नाहीत. लहान बोटांनी तिच्या पापणीला हात लावून पाहिला, मग पावलं मागच्या दाराकडे गेली. इंदू उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. मधे अंगण आणि पुढे कुंपण, धावत गेलं तर सहज गाठता येईल असं. तिला बघायचं होतं. एकदा नीट बघितल्याशिवाय ती काही ठरवू शकत नव्हती, हा तिचा स्वभाव होता, आणि आज तिला त्याची थोडी भीती वाटली.

छबी दाराकडे गेलीच नाही. ती सरळ पेरूच्या बाजूच्या मेढीशी गेली. तिथे उभी राहून तिनं घराकडे वळून पाहिलं, मान जराशी तिरकी करून, कुणी येतंय का ते. मग दोन्ही हातांनी फ्रॉक गोळा केला, पायांमधून मागे घेतला आणि कमरेला चड्डीत खोचला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा खोचला. डावा पाय खालच्या वाशावर. हात मेढीच्या टोकाकडे, पोचत नव्हता, म्हणून मधल्या वाशावर. मग उजवा पाय.

इंदूला आधी वाटलं, की हे तिनं कुठेतरी पाहिलं आहे. पाहिलं नव्हतं. पाहता येणं शक्यच नव्हतं, कारण आपण स्वतः चढताना कसे दिसतो हे कुणालाच दिसत नाही. दाराचा आवाज होतो म्हणून इंदूही दारातून जात नसे. पौषापासून रोज दुपारी ती त्याच मेढीशी उभी राहायची, घराकडे वळून पाहायची, काष्टा घट्ट करायची, आणि डावा पाय खालच्या वाशावर ठेवायची. वाशाची साल तिथे तिच्या पायानं गुळगुळीत झाली होती. आणि छबी झोपलेली नव्हती. सगळ्याच दुपारी तरी नव्हती.

इंदू धावली. चपला न घालता, तापलेल्या फरशीवरून. छबीचे दोन्ही हात वरच्या वाशावर होते, हनुवटी त्यावर टेकलेली. इंदूनं तिला मागून काखेत धरून उतरवलं. पोर घाबरली नाही. तिनं आईच्या नेसणीकडे पाहिलं, गोल पातळ, काष्टा नाही, आणि तिला ते चुकल्यासारखं वाटलं असावं.

"आई, बुडबुड नाही?"

"नाही."

"आज नाही?"

इंदूनं तिचा फ्रॉक सोडवून खाली केला.

संध्याकाळी हिंदुराव आल्यावर तिनं सांगितलं. निम्मं सांगितलं. छबी कुंपणावर चढते, वरच्या वाशापर्यंत गेली होती. हिंदुराव चहाची बशी खाली ठेवून अंगणात गेले, कुंपण हलवून पाहिलं आणि परत आले. चेहऱ्याचा रंग जरा उतरला होता, पण आवाज नेहमीचा होता.

"आणखी एक वासा मारू वर. कोंडीरामला सांगतो उद्याच."

"म्हणजे आणखी एक पायरी."

"मग तू सांग काय ते. शास्त्र तू शिकलीस."

"उभ्या पट्ट्या. आणि तोवर पाणी नको."

"तोवर म्हणजे पाऊस पडेपर्यंत. इंदू, उद्या उद्धवराव मुंबईच्या माणसांना घेऊन येतायत. माझ्या नावावर सही करायची ती माणसं. त्यांना काय कोरडा खड्डा दाखवू?" मग त्यांचा स्वर मऊ झाला; मऊ झाला की तिला उत्तर द्यायला अवघड जायचं. "एक दिवस. उद्या आपण सगळे तिथेच असणार, दहा डोळे तिच्यावर. परवापासून रतनबाईला सांगू, नजर हलवायची नाही. आणि एवढी पोर, तिला चढायचं सुचलं तरी कसं? वानराच्या जातीची आहे."

छबीला ते आपणहून सुचलेलं नाही, हे वाक्य इंदूच्या जिभेवर आलं होतं. ते बोललं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं, आणि पुढच्यानंतर दुपार उरली नसती. ती पोळ्या लाटायला गेली. लाटताना तिनं प्रामाणिकपणे वजन करून पाहिलं, जसं तराजूच्या दोन पारड्यांत करतात. एका पारड्यात काय आहे ते उघड होतं. दुसऱ्यात एक फेरी, दोन फेऱ्या, कानांत भरलेलं पाणी. तराजू कुणीकडे झुकतो यात प्रश्नच नव्हता. प्रश्न हा होता, की इतके दिवस तिनं पारडी टांगलीच नव्हती.

रविवारी सकाळी मोटार आली. उद्धवराव, त्यांच्या पत्नी शालनबाई, आणि मुंबईचे दोन सद्गृहस्थ, दोघेही पाण्याला हात लावून "वा" म्हणाले. हिंदुरावांनी दार कोकलवून दाखवलं. शालनबाई कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, पुरे, चोर सुद्धा नोकरी सोडून जाईल." सगळे हसले. रतनबाईनं भज्यांचं ताट आणून बाकावर ठेवलं. इंदू छबीला कडेवर घेऊन कुंपणाच्या बाहेर उभी होती. छबी जड झाली होती. तिचा हात सकाळपासून अवघडला होता आणि तो तिनं बदलला नव्हता. हिंदुराव म्हणाले होते तसे दहा डोळे खरंच होते. ते भज्यांवर होते, पाण्यावर होते, एकमेकांवर होते. दार दोनदा उघडून दाखवल्यावर कुणीच लावलं नव्हतं. ते उघडं होतं, आणि उघडं असल्यामुळे अगदी गप्प होतं.

"वहिनी, या की आत," उद्धवराव टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले. "आणि आमची छबूताई म्हणे कुंपणावर चढते? हिंदुराव सांगत होते. कुणावर गेली म्हणायची ही? बापावर तर नक्की नाही, बापाला दारातून जायचीच सवय आहे."

हिंदुराव हसले. इंदूला उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. तिला फक्त असं वाटलं, की हा प्रश्न इतक्या सहज, इतक्या उजेडात विचारला जाईल याची तिनं तयारी केली नव्हती.

"माझ्यावर," ती म्हणाली. "रोज दुपारी मी तिथून चढून जाते. पोहायला."

शालनबाईंच्या हातातलं भजं तोंडाशी थांबलं. मुंबईच्या गृहस्थांपैकी एकानं हौदाकडे पाहिलं, जणू तिथे अजून कुणी आहे. हिंदुरावांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, ते नुसतं निरुपयोगी होऊन राहिलं.

"कधीपासून?" ते म्हणाले.

"पौषापासून. ती बघत होती. मला माहीत नव्हतं."

"इंदू, हे आपण आत जाऊन बोलू."

आत जाऊन बोललं की ते पुन्हा ताटावरचं बोलणं होणार, हे तिला कळत होतं. हिंदुराव मऊ बोलतील, ती ऐकेल, आणि उद्या दुपारी पाणी इथेच असेल, तिच्यासाठीसुद्धा. छबीनं तिच्या खांद्यावरून हौदाकडे हात लांब केला. इंदूनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पेरूखाली उभ्या असलेल्या कोंडीरामकडे वळली. आवाज तिनं चढवला नाही. पण सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"कोंडीराम, खालचं बूच काढा. उभ्या पट्ट्यांचं कुंपण होईपर्यंत या हौदात पाणी राहणार नाही. विहीर भरायला पावसाळा लागला, तर पावसाळ्यापर्यंत राहणार नाही. मीही पोहणार नाही. आत्ता काढा."